आईच्या भावासाठी जर्मन शब्द

लागुबोती,
ता. ३ ऑगस्ट १९८८

चि. रोंदांग हिस,
तुझ्या आईच्या थोरल्या भावाचे, म्हणजे तुझ्या तुलांगचे, आपल्या रीतीने होरास व अ. आ. वि. वि.

तुझे पत्र आणि पाठ्यपुस्तक बसच्या कंडक्टरने काल चर्चच्या पायरीवर टाकले, पावसात. तू जर्मनची मधली परीक्षा पास झालीस आणि आता वरच्या वर्गात बसतेस हे वाचले. अभिनंदन लिहायला घेतले होते, पण आधी पुस्तक चाळले आणि लेखणी खाली ठेवली.

पाने एकशे ब्याऐंशी. त्यात अकरा वेळा एक माणूस दुसऱ्याला स्टेशन कुठे आहे म्हणून विचारतो, आणि अकराही वेळा स्टेशन डावीकडे आहे. ज्या शहरात इतकी माणसे इतके दिवस स्टेशन शोधतात तिथे मी तरी उतरणार नाही. चित्रातले सगळे जण दात दाखवून हसताहेत. कशाला, ते शेवटपर्यंत कळत नाही. आणि हे म्हणे वरच्या वर्गाचे पुस्तक! मग खालच्या वर्गात काय रांगत होता?

मला जर्मन कोणी शिकवले नाही हे तुला ठाऊक आहे. एकोणीस वर्षांपूर्वी सिगुमपारच्या चर्चची पायपेटी उघडली तेव्हा झाकणाच्या आत चिकटवलेला कागद वाचता येईना, म्हणून जुन्या जर्मन मिशनच्या अडगळीतून एक व्याकरण आणले. सन १८९१, कातडी बांधणी. वाळवीने त्याची तीन पाने खाल्ली होती. ती मी उरलेल्या पानांवरून ताडून पुन्हा लिहून काढली आहेत. तुमच्या विद्यापीठात असे करणारा एक जण दाखव.

त्या व्याकरणात स्पष्ट लिहिले आहे की चतुर्थी विभक्तीत नामाच्या शेवटी ‘ए’ लागतो. घरात, मुलाला, दिवशी, सगळीकडे. तुझ्या पुस्तकात तो ‘ए’ एकाही ठिकाणी नाही. बायबलात आहे, भजनांच्या पुस्तकात आहे, पेटीच्या झाकणातसुद्धा आहे. तुमच्या मास्तरणींनी तो कुठे सांडला? मध्ये रेडिओवर जर्मन स्टेशन लागले होते. ते लोक तर तोंडात गरम बटाटा धरून बोलतात. मी बंद केला.

तुझ्या मामीचा गुडघा तसाच आहे. मी काय ते सांगितले तर ऐकत नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, अभ्यास वाढवावा.
तुझा तुलांग,
मांगारा सिबुएआ


मेदान,
ता. १४ ऑगस्ट १९८८

ती. तुलांग यांच्या चरणी,
रोंदांगचा सा. न. आणि होरास. वि. वि.

पुस्तक परत मिळालं. त्यात तुम्ही एकशे ब्याऐंशी पानांवर लाल पेन्सिलीने ‘ए’ लावून दिलेत. माझ्या मैत्रिणी ते पुस्तक आता जत्रेतल्या दोन तोंडांच्या वासरासारखं बघायला मागतात. एकीने विचारलं, तुझे तुलांग तुरुंगात आहेत का, एवढा वेळ त्यांना मिळतो कुठून. मी म्हटलं, नाही, पायपेट्या दुरुस्त करतात. ती म्हणाली, मग ठीक, तेच ते.

आता खरी बातमी. वरच्या वर्गात आम्ही तेवीस जण. त्यातल्या एकाला, फक्त एकाला, वर्षभर जर्मनीत शिकायला पाठवणार आहेत. सगळ्यांनी एकेक लांब निबंध द्यायचा, विषय ‘घरातलं एक माणूस आणि त्याचं काम’. निबंध बघणार विभागप्रमुख विनार्तीबाई. बाई दोन वर्षं तिकडे राहून आल्या आहेत आणि अजून उतरल्या नाहीत. मेदानच्या उकाड्यात गळ्याला लोकरीची पट्टी गुंडाळून येतात आणि घाम पुसताना तिकडच्या बर्फाबद्दल सांगतात. आम्हा तोबा तळ्याकडच्या मुलांना त्या ‘भजनवाले’ म्हणतात. आमचं जर्मन म्हणे कबरीवरच्या दगडासारखं, स्वच्छ कोरलेलं आणि खाली कोणी जिवंत नाही.

मी निबंध तुमच्यावर लिहिला आहे. फुगू नका, घरात काम करणारं दुसरं कोणी दिसलं नाही. त्यात लिहिलंय की माझ्या आईच्या भावाला कधी गुरू नव्हता, जे आहे ते त्याने कागदावरून घेतलं.

सोबत पाठवते. तुलांग, हात जोडून सांगते, फक्त नामांची लिंगं आणि विभक्ती बघा. शब्दांना हात लावू नका. मला ही जागा हवी आहे. नाही मिळाली तर मी पोर्सेआच्या शाळेत सातवीला ‘स्टेशन कुठे आहे’ शिकवत म्हातारी होईन, आणि ते तुम्हालाच रोज ऐकावं लागेल. निबंध तीस तारखेला द्यायचाय. एकोणतीसच्या बसने परत आला पाहिजे.

मामींना माझा नमस्कार. गुडघ्याला आलं चोळा म्हणावं, तुमचं ऐकू नका.

लोभाला कुलूप लावू नये, ही विनंती.
आपली,
रोंदांग


लागुबोती,
ता. २७ ऑगस्ट १९८८

चि. रोंदांग हिस,
अ. आ. होरास. वि. वि.

निबंध वाचला. वाईट नाही. वर्गातल्या बाकीच्या बावीस जणांचे काय हाल असतील याची कल्पना करून तुझ्याबद्दल बरे वाटले.

एकतीस दुरुस्त्या केल्या. त्यातले चौदा नुसते ‘ए’. बाकीच्यांत तुझ्या मामीला तू जो शब्द वापरलास तो शहरी नखऱ्याचा आहे, जुना भारदस्त शब्द घातला. ‘इथे’च्या जागी जरा वजनदार ‘इथे’ घातला. पण मुख्य गोष्ट वेगळी, ती नीट वाच.

तू मला ‘ओंकेल’ लिहिलेस. सात वेळा. ओंकेल म्हणजे कोण? शब्दकोश सांगतो, आईचा भाऊ, बापाचा भाऊ, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा, शिवाय शेजारचा कोणीही. म्हणजे बसचा कंडक्टरसुद्धा ओंकेल! जो तुझ्या बापाला मुलगी देणाऱ्या घरातला, ज्याच्या आशीर्वादाशिवाय तुझे लग्न उभे राहात नाही, त्याला आणि मिरचीवाल्याला एकच शब्द? असली भाषा बोलणाऱ्या लोकांच्या घरी लग्नात पहिला मान कोणाला देतात? की धावत जो आधी पोचेल त्याला?

मी अकरा रात्री शोधले. आणि सापडला. जर्मनांकडेही आपल्यासारखाच शब्द होता, नेमका आईच्या भावासाठी. ओहेइम. बापाच्या भावासाठी निराळा होता. म्हणजे हे लोकही एके काळी माणसांत होते. मग कधीतरी आळस केला, फ्रेंचांकडून ओंकेल उसना आणला आणि सगळ्या नातेवाइकांना एका गोणीत भरले. मी सातही ठिकाणी ओहेइम केला आहे.

तुझ्या कच्च्या कागदावर लाल पेन्सिलीने जागा राहिली नाही, म्हणून स्वच्छ प्रत मीच लिहिली. कच्चा कागद माझ्याकडे ठेवतो. मी काही टाकत नसतो. तू प्रत तुझ्या अक्षरात उतरव, एक अक्षर न बदलता.

लोभ ओहेइमचा आहे, ओंकेलचा नाही, हे ध्यानी असू द्यावे.
तुझा तुलांग,
मांगारा


मेदान,
ता. १२ सप्टेंबर १९८८

ती. तुलांग यांना,
सा. न. होरास लिहायची लाज वाटते. वि. वि.

तुमची प्रत एकोणतीसला रात्रीच्या बसने आली. तीसला सकाळी आठला द्यायची होती. मी बसून उतरवली. बदलायला वेळ नव्हता असं आता म्हणता येईल, पण खोटं कशाला लिहू? वाचताना मलाच ती भारी वाटली. वाटलं, विनार्तीबाईंना एकदा कळू दे भजनवाले काय असतात ते.

कळलं. काल त्यांनी मला बोलावलं. टेबलावर माझा निबंध, त्यात बावीस ठिकाणी हिरव्या शाईची वर्तुळं. म्हणाल्या, हे कुठल्या पुस्तकातून उतरवलंस? मी म्हटलं, पुस्तक नाही, माझ्या तुलांगनी तपासलं. त्या म्हणाल्या, ओहेइम हा शब्द (त्या त्याला ओहाइम म्हणतात) त्यांनी तिकडे दोन वर्षांत एकदाही ऐकला नाही. शंभर वर्षांत कोणी जिवंत माणूस असं लिहीत नाही. हे कुठल्या तरी मेलेल्या पाद्र्याच्या वहीतलं आहे, आणि मी नावं बदलून ते माझ्या घराला चिकटवलंय. तुलांग कुठले प्राध्यापक, असं विचारलं. मी सांगितलं काय करतात ते. तेव्हा त्या नुसत्या हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या की पेटी दुरुस्त करणाऱ्याने दुरुस्त केलेलं जर्मन त्यांना तरी पहिल्यांदाच भेटतंय.

चार ऑक्टोबरपर्यंत मुदत आहे. तोवर मी ते पुस्तक आणून द्यायचं आणि चोरी कबूल करायची. नाहीतर माझं नाव यादीतून जाईल आणि वर्षही जाईल. पुस्तक असतं तर दिलं असतं, तुलांग. पुस्तक तुम्ही आहात.

एकच उपाय आहे. माझा कच्चा कागद पाठवा, तुमच्या लाल पेन्सिलीसकट. त्यावर दिसेल की खालचं वाक्य माझं आणि वरचं तुमचं. मग त्यांनी मला माझ्या खालच्या वाक्यांचे काय ते गुण द्यावेत. कमी मिळाले तर मिळाले.

आईला अजून सांगितलेलं नाही. रागावू नका. रागावलात तरी कागद पाठवा.

लोभ मागत नाही, कागद मागते.
आपली,
रोंदांग


लागुबोती,
ता. १८ सप्टेंबर १९८८

चि. रोंदांग हिस,
अ. आ. वि. वि.

कोणी जिवंत माणूस असे लिहीत नाही म्हणतात बाई. आज सकाळी मी कॉफी प्यालो, एका पेटीचा भाता बदलला, दुपारी तुझ्या मामीशी भांडलो आणि हरलो. मेलेल्याच्या मानाने बरेच झाले.

कागद पाठवणार नाही.

कारण ऐक. माझ्या एकतीस दुरुस्त्यांवर एखादी गळपट्टीवाली हिरव्या शाईने गुण देणार आणि मी ते इथे बसून घेणार, हे होणे नाही. बावीस वर्तुळे! तिने कोणते व्याकरण वाचले आहे? दोन वर्षे तिकडे राहून आली म्हणजे काय? आपल्या तळ्यातला मासा जन्मभर तळ्यात असतो, म्हणून त्याला तळ्याचा नकाशा काढता येतो का?

सोबत दोन पाने जोडली आहेत. ओहेइम या शब्दाची नऊ उदाहरणे, पृष्ठांकासह. ती तिच्या टेबलावर ठेव आणि काही न बोलता बाहेर ये. डोके असेल तर समजेल. नसेल तर अशा विद्यापीठाने पाठवलेल्या ठिकाणी जाऊन तू तरी काय शिकणार? इथे ये, मी शिकवतो. फी नाही.

मी स्वतः येऊन बोलावे असे तू लिहिले नाहीस, ते बरे केलेस. पेट्यांची कामे खोळंबली आहेत.

लोभ पूर्वीइतकाच, मत पूर्वीपेक्षा ठाम.
तुझा तुलांग,
मांगारा


बालिगे,
ता. २६ सप्टेंबर १९८८

दादा,
होरास. नमस्कार पुढच्या पत्रात.

दहा किलोमीटरवर राहून पत्र लिहिते, कारण समोर आले तर तुझाच आवाज मोठा होतो. कागदावर तुला ओरडता येत नाही. ड्रायव्हरच्या हाती देते आहे. वाच आणि तोंड मिटून वाच.

रोंदांगने मला सांगितलं नव्हतं. बाजारात मी नूडल्स विकत बसले होते, तर कंडक्टरची बायको येऊन म्हणते, तुझ्या पोरीने म्हणे चोरी केली. गिऱ्हाईक पुढे उभं! माझ्या हातातला पळा तसाच राहिला. मग रात्री फोनच्या दुकानात जाऊन पोरीला विचारलं. रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

तुमचं ते ‘ए’ आणि ओ मला कळत नाही, कळायची हौसही नाही. एक पेट्या फुंकणारा आणि एक बर्फ आठवणारी, दोघांची जुंपली एका शब्दावरून, आणि मध्ये चिरडली कोण? माझी पोर. त्या बाईला मी ओळखत नाही म्हणून तिला शिव्या देत नाही. तुला ओळखते.

कामं खोळंबलीत म्हणे! दादा, तू घाबरला आहेस. बाहेर सगळ्यांना सांगत फिरतोस की मला जर्मन येतं. कोणाशी बोललास रे ते आजपर्यंत? चर्चची शंभरी झाली तेव्हा तिकडून गोरा पाद्री आला होता. सगळं लागुबोती म्हणत होतं, मांगाराला पुढे करा, मांगारा बोलेल. आणि मांगारा त्याच दिवशी अंगात ताप घेऊन बारा किलोमीटरवर कोणाची तरी पेटी बघायला गेला. ताप घेऊन! मी तेव्हा बोलले नाही. बहीण होते म्हणून.

आता ऐक. मान घ्यायला तू पुढे असतोस. माझ्या लग्नात तुला डुकराचा मानाचा वाटा मिळाला, रोंदांगच्या बारशाला तू तिच्या अंगावर उलोस पांघरलीस आणि या पोरीचं भलं मी बघेन असं सगळ्या भावकीसमोर म्हणालास. तो कपडा मी अजून जपून ठेवलाय. पोरीचं वर्ष गेलं तर मी तो तुझ्या दारात आणून ठेवीन, घडी न मोडता. मग तुझ्या जर्मनमध्ये आईच्या भावाला काय म्हणतात ते शोधत बस.

वहिनीला सांग, गुडघ्यासाठी तेल पाठवलंय. तुझ्यासाठी काही नाही.

लोभ कुठे पळून जात नाही, पण आता तो तू मिळव.
तुझी बहीण,
तिओमिनार


मेदान,
ता. ९ ऑक्टोबर १९८८

ती. तुलांग यांच्या चरणी,
रोंदांगचा सा. न. होरास. वि. वि.

जागा मला मिळाली. मार्चमध्ये जायचं आहे. हे पहिल्या ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं वाचून पत्र फाडलंत तरी बातमी पोचलेली असेल.

तीन तारखेला तुम्ही आलात हे मला आधी माहीत नव्हतं. सात तास बस, तो काळा कोट आणि हातात कागदांची गुंडाळी. मी वाचनालयातून वर्गाला उशिरा येत होते. शिपायाला तुम्ही विनार्तीबाईंचा वर्ग विचारत होतात. वर्ग चालू होता, आमच्याच तेवीस जणांचा. तुम्ही दार वाजवून सरळ आत गेलात. मी बाहेर खिडकीच्या झडपांपाशी उभी राहिले. म्हणून जे झालं ते सगळं मी पाहिलं.

तुम्ही आपल्या साध्या इंडोनेशियनमध्ये म्हणालात की निबंधातल्या एकतीस गोष्टी तुमच्या आहेत, मुलीचा गुन्हा एवढाच की तिने आपल्या तुलांगचं ऐकलं. कच्चा कागद टेबलावर ठेवलात. बाईंनी तो उलटसुलट बघितला, आणि मग जर्मनमध्ये भराभर काहीतरी विचारलं. तुम्हाला कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, हळू. तरी कळलं नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, हे तुम्ही लिहिलंय ना, मग यातला एक परिच्छेद वाचून दाखवा.

तुम्ही वाचलात. गुरू नसल्याचा, माझा तो परिच्छेद. प्रत्येक अक्षर जसं लिहिलंय तसं, एकही न गाळता. ‘लॉयटे’चं ले-उ-ते. ‘फाटर’चं वातेर. जिथे अक्षर मुकं असतं तिथेही तुम्ही थांबून ते म्हटलंत. दुसऱ्या ओळीला मागच्या बाकावर कोणीतरी फुसकन हसलं. मग सगळा वर्ग. बाईंनीही तोंडावर गळपट्टी धरली. तुम्ही शेवटच्या टिंबापर्यंत वाचलंत. मधे थांबला नाहीत, वर पाहिलं नाहीत.

मग बाई हसायच्या थांबल्या. आम्हा सगळ्यांच्या आधी त्यांनाच कळलं. असं वाचणाऱ्याला कोणी शिकवलेलं असणंच शक्य नाही. त्या उठल्या आणि फळ्यावर लिहिलं, तुम्हाला जर्मन कोणी शिकवलं? तुम्ही खडू घेतलात. आधी त्यांच्या वाक्यातलं क्रियापद खोडलंत, दुसरं घातलंत, दोन द्वितीया लागतात ते. आणि मग खाली साडेतीन ओळींचं एक वाक्य लिहिलंत, क्रियापद नेमकं शेवटी. कोणी नाही, कागदाने. कारण कागदाला तेच शंभरदा विचारलं तरी तो तोंड वाकडं करत नाही. बाईंनी ते फळ्यावरून वहीत उतरवून घेतलं. मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मला एका खोलीत तीन तास बसवून नवा निबंध लिहायला लावला. कच्च्या कागदाचे आणि त्याचे मिळून गुण दिले. तुमच्या एकतीसपैकी नऊ बरोबर, असं बाई म्हणाल्या. आणि ओहाइम या शब्दाला त्यांनी वर्तुळ ठेवलं, पण पुढे लिहिलंय की हा शब्द आम्ही उगाच टाकला. वर्तुळांची प्रत सोबत आहे.

तुम्ही बाहेर आलात तेव्हा शिपायाला माझं नाव सांगून मी कुठे आहे ते विचारलंत. त्याने सगळीकडे हाका मारल्या. केळीच्या पानातला मसाल्याचा मासा तुम्ही त्याच्याकडे ठेवून गेलात. मी तो खाल्ला, सगळा, काटेसुद्धा चोखून.

मी कुठे होते आणि का आले नाही, ते सोबतच्या अर्ध्या पानावर लिहिलं आहे. ते जर्मनमध्ये लिहिलंय. आपल्या भाषेत हात चालला नाही. कोणाला दाखवलेलं नाही, तपासून घेतलेलं नाही.

लोभ ठेवावा, असं यावेळी लिहायचा हक्क मला नाही.
रोंदांग


लागुबोती,
ता. १७ ऑक्टोबर १९८८

चि. रोंदांग हिस,
अ. आ. आणि होरास. वि. वि.

जागा मिळाली, हे पहिल्या ओळीत लिहिलेस हे बरे केलेस. तुझी आई तेवढेच ऐकून निघून गेली. जाताना तुझ्या मामीला म्हणाली की आता दादाला दोन महिने घरात बसू देऊ नका, नाहीतर तो भिंतींना शिकवेल. उलोस तिने परत नेली. आणलीही होती, हे मला तेव्हाच कळले.

एकतीसपैकी नऊ! मी तुझ्या बाईंची वर्तुळे पुन्हा तपासली. किमान अकरा ठिकाणी ती चुकली आहे, तशी यादी तिला निराळ्या पाकिटाने पाठवली आहे. ‘हा शब्द आम्ही उगाच टाकला’ म्हणे. टाकलात तर उचला. वाकायला कंबर दुखते का? ती बर्फ बर्फ करते, पण त्या वर्गात पंखा माझ्याकडे फिरवावा एवढे तिला सुचले नाही. कोटात मी उकडून निघालो.

अर्धे पान वाचले. लाल पेन्सिल हातात धरून चार वेळा वाचले.

तू लिहिलेस की पोरे हसली तेव्हा तूही हसलीस. आधी हसलीस आणि मग तो माणूस कोण ते आठवले. शिपायाने हाका मारल्या तेव्हा तू जिन्याखाली उभी होतीस आणि मी फाटकाबाहेर जाईपर्यंत तिथून हलली नाहीस. हसण्याचा भूतकाळ बरोबर आहे. लाज वाटण्याचे क्रियापद स्वतःकडे वळते, तेही बरोबर वळवले आहेस. ‘जेव्हा’चे वाक्य लांब आहे, पण कुठे तुटत नाही. लिंगे बरोबर, विभक्ती बरोबर. चूक एकही नाही. इतके अचूक जर्मन मला यापूर्वी कोणी लिहिलेले नाही. पुन्हा लिहू नकोस.

जिन्याखालचे तुझे पाय मला दिसले होते. हाक मारली असती तर तुला यावे लागले असते, म्हणून मारली नाही.

आता एक काम सांगतो. ‘मी’ला जर्मनमध्ये जो शब्द आहे, त्याच्या शेवटी तुझी बाई एक आवाज काढते, मांजर फिसकारल्यासारखा. मी एकोणीस वर्षे तिथे ‘क’ म्हणत आलो. गेले आठ दिवस पेटीच्या भात्यातून हवा सोडून तो आवाज बसवतो आहे, पण तोंडातून निघत नाही. नाताळात घरी येशील तेव्हा तो मला म्हणून दाखव. संथ, आणि तुझी आई बाजारात गेल्यावर. मग ले-उ-तेचे बघू.

मला जमायला वेळ लागेल. हसू आले तर हस. फक्त समोर बसून हस.

लोभ आहे, मोजू नये.
तुझा तुलांग,
मांगारा सिबुएआ